उरलेल्या ओक फ्लोअरिंगचा घरच्या बारसाठी काउंटर: प्लायवर चिकटवायचा की मोकळा ठेवायचा?

गिरणाकाठ (जळगाव)

हॉलच्या कोपऱ्यात एल आकाराचा बार काउंटर करायचा आहे. सरळ बाजू 7 फूट, तिथून आत भिंतीकडे 3 फुटांचं वळण, रुंदी 20 इंच. पुण्याच्या फ्लॅटमधलं ओकचं फ्लोअरिंग 22 चौरस फूट उरलंय. पट्टी 18 मिमी जाड, 90 मिमी रुंद, टंग-ग्रूव्हची (एका कडेला जीभ, दुसरीला खाच), वर कारखान्यातलंच पॉलिश. खाली 18 मिमीचं प्लाय टाकणार.

मिस्त्री म्हणतात, प्लायवर फेविकॉल पसरू, पिन गनने पट्ट्या ठोकू, चारी बाजूंनी सागाची लिपिंग (कड झाकणारी पट्टी) मारू, कोपरा 45 अंशांत जोडू आणि वरून इपॉक्सी ओतू. चार दिवसांचं काम. मला तीन ठिकाणी शंका आहे: पट्ट्या पूर्ण चिकटवायच्या का, कोपरा 45 चा टिकेल का, आणि इपॉक्सी बरं की पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश)? आणखी एक म्हणजे हॉलला डक्ट कूलर आहे आणि त्याचा झोत नेमका काउंटरच्या जागेवरून जातो. काम मेमध्येच उरकावं की पाऊस सुरू झाल्यावर?

आठ_सूत

आधी एक पट्टी आडवी कापून कड बघा, बाकीचं नंतर. आपल्याकडे दुकानात ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून जे विकतात, त्यात बराच माल लॅमिनेट असतो. आत दाबलेल्या भुशाचा एचडीएफ गाभा, वर छापील कागद. असला माल असेल तर विषयच संपला. कडेला पाणी लागलं की फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

दुसरी शक्यता इंजिनिअर्ड. कडेला प्लायसारखे थर दिसतील आणि सगळ्यात वर खऱ्या ओकचा थर, कुठे 0.6 मिमी तर कुठे 4 मिमी. तिसरी शक्यता भरीव लाकूड: वरपासून खालपर्यंत एकच रेषा आणि पाठीवर लांबीत पाडलेल्या दोन-तीन खाचा. तिघांची पद्धत वेगळी आहे, म्हणून आधी हे सांगा.

गिरणाकाठ

कापून बघितलं. एकच रेषा आहे, पाठीवर तीन खाचा. जिभेच्या वर लाकूड साधारण 6 मिमी भरतंय.

आठ_सूत

म्हणजे भरीव ओक. माल चांगला आहे, पण मिस्त्रींची पद्धत सनमायक्याची आहे. भरीव लाकूड रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ नाही. वर्षवलयांना समांतर चिरलेल्या (फ्लॅट-सॉन) फळीत ओलावा 1% बदलला की ओक रुंदीत साधारण 0.37% हलतो. साग त्याच्या निम्मा, 0.19% च्या आसपास. मिस्त्रींचे हात सागावर बसलेले असतात, त्यामुळे सागाला जे खपून जातं ते ओकलाही खपेल असं त्यांना वाटतं.

आता तुमच्या घरातली हवा धरा. आर्द्रता 30% असेल तर लाकूड साधारण 6% ओलाव्यावर येऊन थांबतं, 65% ला 12 च्या जवळ, 80% ला 16 च्या जवळ. पॉलिशमुळे हा बदल मंदावतो. म्हणून वर्षभराचा फरक फक्त 4% धरू. 450 मिमी रुंदीला 450 × 0.0037 × 4 म्हणजे साडेसहा मिमी. दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग)! खालचं प्लाय मात्र जागचं हलत नाही. दोघं फेविकॉलने घट्ट बांधले की कोरड्या दिवसांत प्रत्येक सांध्याला फट पडते, नाहीतर ओक प्लायचा वरचा थर सोलून घेतो. पावसात पट्ट्या फुगून लिपिंगला बाहेर ढकलतात. लिपिंग निघाली की सगळे ‘फेविकॉल हलका निघाला’ म्हणतात. फेविकॉलचा काही दोष नसतो.

मी असं करीन. पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या, प्लायला नाही. जीभ-खाचेत पाणी सोसणारा डी3 दर्जाचा किंवा मरीन फेविकॉल लावून 5 पट्ट्यांचा एक अखंड पॅनल करायचा, आणि तो प्लायच्या खालून स्क्रूने धरायचा. स्क्रूचं भोक गोल नाही, लांबट. पॅनल एकसंध हलेल आणि सांधे मिटलेले राहतील. बारवर पातळ पदार्थ सांडणारच, म्हणून सांधे मिटलेले हवेत.

रुंदीचा हिशोब: 5 × 90 = 450, दोन्ही लांब कडांना 20 मिमीची लिपिंग धरून 490. तुमच्या 20 इंचाला 18 मिमी कमी पडतात. तेवढ्यासाठी सहावी पट्टी चिरू नका, 490 वर समाधान माना. कडेला बारीक पट्टी आली की ती आयुष्यभर डोळ्यात खुपते.

चिकटवताना पंखा, कूलर, एसी सगळं बंद. 40 अंशांत फेविकॉल तीन-चार मिनिटांत साय धरतो, मग शिकंजा (क्लॅम्प) कितीही आवळा, सांधा बसत नाही. म्हणून सकाळी 6 ते 8 मध्ये काम करा आणि पाचही पट्ट्या एकदम घेऊ नका. आधी 3 आणि 2 असे दोन गठ्ठे, दुसऱ्या दिवशी त्यांचा एक. पाइपचे शिकंजे दर 10-12 इंचांवर, आळीपाळीने एक वरून एक खालून, म्हणजे पॅनल कमानीसारखा वाकत नाही. जिभेवर थेट शिकंजा लावू नका, चेंगरते. फ्लोअरिंगचाच एक हातभर तुकडा खाच अडकवून मध्ये धरा. शेजारच्या दोन ओळींतले टोकाचे जोड किमान 8 इंच सरकलेले हवेत.

पांझरा (धुळे)

आठ सूत भाऊ, हिशोब बरोबर आहे, पण घरी करणाऱ्याला 7 फुटांचा पॅनल सरळ ठेवणं जमेल असं वाटत नाही. पॅनल जरा पिळला की लांबट भोकांतले स्क्रू त्याला खाली ओढू शकत नाहीत. त्यापेक्षा फ्लोअरिंगसाठी येणारा लवचिक पीयू अॅडहेसिव्ह वापरा. तो सुकल्यावर रबरासारखा राहतो. दातेरी पट्टीने पसरवला तर चौरस मीटरला साधारण 1 किलो लागतो, या कामाला दीड किलो. पट्ट्या जिभेतून तिरक्या पिनांनी धरायच्या, पिना एफ-30 (30 मिमी लांब), दर 8 इंचांवर. प्रत्येक पट्टी आपापल्या जागी श्वास घेते. जमिनीवर ही पद्धत चालतेच की.

आठ_सूत

पांझरा, जमिनीवर चालते हे मान्य. पण तिथे बर्फाचं भांडं ठेवून लोक दोन तास गप्पा मारत बसत नाहीत. तुमच्या पद्धतीत जीभ-खाच कोरडी राहते, म्हणून 90 मिमीच्या प्रत्येक पट्टीमागे कोरड्या दिवसांत मिलिमीटरभर फट उघडते. त्या फटीत सोडा, लिंबू, शेंगदाण्याची फोलं जाणार आणि खाली प्लाय भिजणार. वरून इपॉक्सी ओतलं असेल तर ते नेमकं त्या रेषेवर तडकतं. सागाच्या 50-60 मिमी रुंद पट्ट्या असत्या तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

पिळण्याचा मुद्दा मात्र खरा. उपाय निवडीत आहे: 22 चौरस फूट माल आहे, लागणार 15 च्या आसपास. प्रत्येक पट्टी सपाट जमिनीवर ठेवून टोक दाबून बघा. डुलते ती बाजूला काढा, तिचे छोटे तुकडे वळणाच्या बाजूला वापरता येतील.

पांझरा (धुळे)

ओक आहे आणि पट्ट्या रुंद आहेत म्हणून ऐकतो. सागाला माझं मत तेच.

गिरणाकाठ

दोघांचे आभार. पॅनलच करतो. आता कोपरा सांगा. मिस्त्री 45 वर अडून बसलेत, म्हणतात दिसायला तेच भारी.

आठ_सूत

दिसायला भारी, पहिल्या सहा महिन्यांपुरता. 45 च्या जोडात दोन्ही पॅनलची रुंदी बदलते, लांबी बदलत नाही, म्हणून कोन बिघडतो. लाकूड सुकलं की आतल्या कोपऱ्यात फट पडते, फुगलं की बाहेरच्या टोकाला. फोटो फ्रेममध्ये हेच होतं, फक्त तिथे पट्टी इंचभर रुंद असते आणि इथे दीड फुटाहून जास्त.

काटकोनी जोड घ्या. 7 फुटांचा पॅनल अखंड, आणि वळणाच्या पॅनलचं टोक त्याच्या आतल्या कडेला येऊन भिडेल. आता नीट वाचा, कारण सगळी मेख इथे आहे. मोठा पॅनल प्लायला *आतल्या* कडेच्या रांगेत घट्ट स्क्रूने धरायचा, तिथे भोक गोल. मधल्या आणि बाहेरच्या रांगेत लांबट भोकं. म्हणजे जोडाची रेषा जागेवर राहते आणि सगळी हालचाल पाहुण्यांच्या बाजूला, पुढे आलेल्या कडेला जाते. तिथे दोन सूत कमी-जास्त झाले तर कोणाला कळणार? वळणाच्या पॅनलला उलट: तो *बाहेरच्या* कडेला घट्ट, कारण ती कड मोठ्या पॅनलच्या टोकाशी एका रेषेत दिसते. त्याची हालचाल आतल्या बाजूला.

भिडण्याच्या रेषेत गोंद लावायचा नाही. मोठ्या पॅनलच्या आतल्या कडेवर खाच येईल अशी पट्टी ठेवा आणि वळणाच्या टोकाला जीभ पाडून ती कोरडीच त्यात सरकवा, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत राहतात. वरून पितळेची 10 मिमीची टी-पट्टी बसवली तर रेषा झाकली जाते आणि मुद्दाम केलेली डिझाइन वाटते. मिस्त्रींनाही आवडेल.

लांबट भोकं: प्लायमध्ये 5 मिमी रुंद, 14 मिमी लांब, लांबी पॅनलच्या *रुंदीच्या* दिशेने. 8 नंबरचा 30 मिमी स्क्रू, वॉशरसह. प्लायचे 18 गेले की ओकमध्ये 12 मिमी शिरतो, पुरेसा आहे. 35 चा घेतलात तर घासून पातळ झालेल्या ओकच्या वर टोक डोकावेल. रांगा तीन, लांबीत दर 12 इंचांवर. लांबट भोकांतले स्क्रू आवळून मग पाव फेरा सैल करा.

लिपिंग: ज्या लांब कडेला जीभ आहे तिथे ती कापू नका, लिपिंगमध्येच तेवढी खाच पाडून जीभ आत घ्या. खाचेच्या कडेला 6 मिमी प्लायची पट्टी खाचेत बसवून लिपिंग धरा. लांब कडेची लिपिंग ओकला पूर्ण चिकटवा, ती पॅनलबरोबर हलते. *प्लायला मात्र लागू देऊ नका.* टोकाची लिपिंग आडव्या रेषेची असते, तिला घट्ट बाजूकडच्या 3 इंचांत गोंद आणि पुढे लांबट भोकातला स्क्रू. लिपिंगचे कोपरेही 45 मध्ये नको, लांब लिपिंग टोकापर्यंत न्या.

चारशे_नंबर

कोपऱ्यावर बोलणं झालं, आता वरच्या थराकडे या. कारखान्यातलं पॉलिश राहू द्यायचा विचार असेल तर सोडून द्या. त्याचं कारण पट्ट्यांच्या कडांना असलेला बारीक तिरका छाट. दोन पट्ट्या जोडल्या की व्ही आकाराची खाच तयार होते आणि ग्लास तिच्यावर डुगडुगतो. पुसलं तरी घाण तिथेच राहते.

तो छाट जाईपर्यंत वरून मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर काढावं लागतं. तुमच्याकडे जिभेच्या वर 6 मिमी आहे, काळजी नाही. पण त्या पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, म्हणजे पॉलिश पेपरला लावलेलेच कण. रंधा मशीनची साधी पाती दोन फेऱ्यांत बोथट होतात आणि मशीनवाला तुमच्या नावाने खडे फोडतो. एमआयडीसीत ज्या फर्निचर युनिटमध्ये रुंद बेल्टचं सँडिंग मशीन आहे तिथे तयार पॅनल न्या, लिपिंग लावायच्या आधी. 40 नंबरच्या पेपरने सुरुवात, मग 80, मग 120. हाताच्या मशीनने हे करायला गेलात तर मधोमध खळगा पडतो आणि तो तिरक्या उजेडात, ओलं पॉलिश लावल्यावरच दिसतो. घरी आणल्यावर फक्त 150 आणि 180, रेषेच्या दिशेने. 180 च्या पुढे जाऊ नका, पॉलिशला पकड राहत नाही.

ओकची छिद्रं मोठी असतात. वूड फिलर आडवा ओढून भरा, नाहीतर पाच हात मारूनही वर टोचल्यासारखे ठिपके राहतात.

आता इपॉक्सी की पीयू. तुमचं क्षेत्रफळ साधारण 1.5 चौरस मीटर. 3 मिमी थराला साडेचार लिटर इपॉक्सी लागेल. खर्च सोडा, त्रास वेगळेच आहेत. दर 10 अंशांमागे मिश्रण वापरायचा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून डब्यावर 25 अंशांना 40 मिनिटं लिहिलेलं मिश्रण आपल्या 42 अंशांत दहा-बारा मिनिटांत बादलीतच गरम होऊन घट्ट होतं. ओकच्या छिद्रांतून हवा वर येत राहते, बुडबुडे पडतात. बहुतेक ओतीव इपॉक्सी 50-60 अंशांपुढे मऊ पडतात, चहाचं पातेलं ठेवलं की गोल ठसा. खिडकीसमोर पिवळं पडतं ते निराळंच. आणि खाली लाकूड दोन सूत हलणार असेल तर 3 मिमीची काच त्याच्यावर कशाला?

दोन भागांचा पीयू घ्या, मॅट किंवा सॅटिन. ग्लॉसवर प्रत्येक ग्लासाचा ओरखडा चमकतो. सीलरचे 2 हात, टॉपचे 3. वरची बाजू आणि कडा धरून 2 चौरस मीटर, एका लिटरमध्ये हाताला 8-9 चौरस मीटर, म्हणजे पाच हातांना सव्वा लिटर; खालच्या बाजूच्या सीलरच्या दोन हातांना आणखी साधारण 350 मिली. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, अंदाजाने नाही. दोन हातांमध्ये 4 ते 6 तास आणि 320 चा हलका हात. सात दिवस वर काही ठेवू नका, हाताला कोरडं लागलं तरी आतून पिकलेलं नसतं.

पावसाळी दमट हवेत हार्डनर हवेतला ओलावा पकडून बारीक फेस धरतो. मेच्या दुपारी उलट, थेंब पसरायच्या आधीच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येतो. स्प्रे मारणाऱ्याला केमिकल कार्ट्रिजचा मास्क हवा, तोंडाला बांधलेला रुमाल हार्डनरमधलं आयसोसायनेट अडवत नाही.

लाखेचं स्पिरिट पॉलिश, ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, ते बारवर अजिबात नको. लाख स्पिरिटमध्येच विरघळते, मग सांडलेल्या व्हिस्कीत वेगळं काय होणार? सकाळी ग्लास चिकटलेला सापडेल.

आणि पॅनलची *खालची* बाजू. प्लायवर ठेवायच्या आधी तिलाही सीलरचे दोन हात द्या, पाठीवरच्या खाचांसकट. एकच बाजू बंद केली की उघड्या बाजूने ओलावा आत-बाहेर होतो आणि पॅनल वाटीसारखा होतो. हे काम नव्वद टक्के लोक टाळतात कारण ते दिसत नाही.

अनेर (चोपडा)

दादा, लाकडावर एवढी चर्चा झाली पण पाण्याची जागा कुणी सांगितली नाही. ओकच्या काउंटरमध्ये सिंक किंवा बर्फाची पेटी कापून बसवू नका. काउंटर दोन पातळ्यांत करा. पाहुण्यांच्या बाजूचं लाकूड 42 इंचांवर, आणि आत उभं राहणाऱ्याच्या बाजूला 34-35 इंचांवर 15-16 इंच रुंद ग्रॅनाइटची पट्टी. लिंबू चिरणं, बर्फ फोडणं, बाटली उघडणं सगळं ग्रॅनाइटवर. लाकडावर फक्त भरलेला ग्लास यावा.

ओकला आणखी एक खोड आहे. त्यात टॅनिन भरपूर, त्यामुळे लोखंड आणि पाणी एकत्र आलं की काळानिळा डाग उमटतो. लोखंडी तारेचा काथ्या त्यावर घासू नका, तुटलेला बारीक तुकडा छिद्रात राहतो आणि पावसाळ्यात ठिपका होऊन दिसतो. काउंटरजवळचे स्क्रू स्टेनलेसचे घ्या.

उंचीचा हिशोब: 42 इंच म्हणजे 1067 मिमी. ओक घासून सुमारे 17, प्लाय 18, म्हणजे खालचा सांगाडा 1032 वर संपला पाहिजे. स्टूल 30 इंचांचं. माणशी 24 इंच धरले तर 7 फुटांत तीनच स्टुलं बसतात, चौथं कोंबू नका. लाकूड पुढे 10 इंच आलेलं ठेवा, गुडघ्याला जागा मिळते, पण त्याला 40 × 6 च्या लोखंडी पट्टीचे काटकोनी ब्रॅकेट दर 2 फुटांवर. वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देतो. ब्रॅकेट प्लायला बसवा, ओकला नाही, नाहीतर वरची सगळी लांबट भोकं वाया. पाय ठेवायचा पाइप दीड इंची, जमिनीपासून 7-8 इंचांवर, 304 स्टेनलेसचा.

खालचा सांगाडा थेट फरशीवर टेकवू नका. 4 इंच उंच ग्रॅनाइट किंवा टाइलचा पाया आधी करा. काळ्या मातीतली उधई भिंतीच्या कडेने वर येते आणि तिला प्लाय ओकपेक्षा जास्त आवडतं. पाया असला की तिची मातीची नळी निदान डोळ्यांना दिसते.

भुसावळ_जंक्शन

एक राहिलं भो. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला वैयक्तिक परवाना लागतो, 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. काउंटरला लागत नाही, बाटलीला लागतो. बाकी चालू द्या.

गिरणाकाठ

परवाना काढतो, पाया पण करतो. आता कूलर आणि मुहूर्त? आणि प्लाय किती, लिपिंग किती, हे एकदा सांगून टाका म्हणजे दुकानात जातो.

आठ_सूत

प्लाय: 8 × 4 चं एकच शीट, 18 मिमी, आयएस 710 (मरीन प्लाय) शिक्का असलेलं. त्यातून 8 फूट लांब आणि सुमारे 18 इंच रुंद अशा दोन पट्ट्या निघतात, एक 7 फुटांची आणि एक 3 फुटांची. रुंदी ओकपेक्षा दोन्ही बाजूंना 4-5 मिमी कमी ठेवा, म्हणजे लिपिंग प्लायला घासत नाही. उरलेल्या तुकड्यातून 6 इंच रुंद पट्टी काढून कोपऱ्यातल्या प्लायच्या जोडाखाली डबल मारा.

लिपिंग: सागाची 20 मिमी जाड, 1 इंच 6 सूत उंच. बाहेरची कड, आतली कड आणि दोन टोकं मिळून सव्वातेवीस फूट, तुटाफूट धरून 26 फूट घ्या. वळणाचं टोक भिंतीला टेकत असेल तर तिथली वगळा, पण भिंतीपासून 8-10 मिमी जागा सोडा. आणि सागाला गोंद लावायच्या पाच मिनिटं आधी थिनरच्या फडक्याने पुसा. सागाचं तेल गोंदाला धरू देत नाही, लिपिंग निघण्याचं अर्धं कारण तेच. सातपुड्याच्या कोवळ्या सागापेक्षा जुन्या धाब्याच्या घराची तुळई चिरून मिळाली तर सोनं, ती पन्नास-साठ पावसाळे खाऊन शांत झालेली असते. फक्त चिरण्याआधी चुंबक फिरवा. खिळा आत मोडलेला असला की करवतीचं पातं गेलं.

गोंद: जीभ-खाचेला अर्धा किलो पुरून उरतो.

आता हवा. लोक म्हणतात खान्देशात मे सगळ्यात कोरडा. बाहेर खरंच आहे, पारा 44-45 वर असताना हवेत काही नसतं. पण ज्या घरात दिवसभर कूलर चालतो त्या घराच्या आत मे महिना दमट असतो. अशा घरात लाकूड सगळ्यात जास्त सुकतं ते मार्चमध्ये, ऊन तापलेलं आणि कूलर अजून माळ्यावरून उतरलेला नसतो तेव्हा. त्यात तुमचा झोत थेट काउंटरवर. म्हणजे झोताखालची पट्टी फुगलेली आणि कोपऱ्यापलीकडची कोरडी, एकाच पॅनलमध्ये. डक्टची जाळी वळवून झोत छताकडे करा. जाळी वळत नसेल तर काउंटर दोन फूट सरकवा, हे लाकडात सोडवता येत नाही.

पट्ट्या आत्ताच खोक्यातून काढा आणि त्याच हॉलमध्ये, कूलर नेहमीसारखा चालू ठेवून, मध्ये बारीक पट्ट्या घालून रचा. दोन आठवडे तशाच. सुईचा मॉइश्चर मीटर मिळाला तर ओक आणि प्लाय दोन्हींचं वाचन घ्या, 2% च्या आत जवळ आले की कामाला लागा. वाचन 9 ते 11 असेल तर स्क्रू लांबट भोकाच्या मधोमध. 8 च्या खाली असेल तर लाकूड पुढे फुगणार, मग स्क्रू भोकाच्या घट्ट रांगेकडच्या टोकाला. 12 च्या वर असेल तर उलट टोकाला.

पॅनल आणि लिपिंग मेमध्ये सकाळी सकाळी उरकता येईल. पॉलिश मात्र जूनच्या पहिल्या पावसाआधी, नाहीतर सरळ ऑक्टोबरात.

गिरणाकाठ

जाळी वळते, बघितली. मिस्त्रींना लांबट भोकांचं चित्र काढून दाखवलं. ते म्हणाले, एवढं सैल ठेवलं तर खडखड करेल.

आठ_सूत

करत नाही. प्लाय आणि ओकच्या मध्ये मेणकागद टाका, वॉशर स्प्रिंगचा घ्या. दोन्ही पॅनलचं मिळून वजनच 15 किलोच्या पुढे जातं, ते उडत नाहीत. तरी त्यांना पटत नसेल तर एक काम करा: ओकचा फूटभर लांबीचा, पाच पट्ट्यांचा नमुना पॅनल चिकटवा, पट्टीने रुंदी मोजून पेन्सिलने पाठीवर लिहा, कूलरसमोर चार दिवस ठेवा आणि मग गच्चीवर सावलीत चार दिवस. दोन्ही वेळा त्यांच्याच हाताने मोजून घ्या.